गॅरेजाबाहेरची पायरी

१० फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

अगं, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?

काल बाळ्याचं पत्र आलं, कुठल्याशा बंदरातून टाकलेलं. माझा हा धाकटा भाऊ, म्हणजे तुझा नवरा, बोटीवर गेल्यापासून पत्रात फक्त हवापाणी लिहितो, ते तुला ठाऊकच आहे. या वेळीही तेच. आणि अगदी शेवटी, कोपऱ्यात कोंबलेली एक ओळ: ‘हिने विम्याच्या कचेरीतली नोकरी सोडली, गॅरेजात संत्र्याचा जॅम करते.’ बस्स! जणू तू केस कापलेस! माझा चहा कपातून बशीत आणि बशीतून मांडीवर. चांगली पक्की नोकरी, पंख्याखालची खुर्ची, ती सोडून बाई जॅम ढवळतेय!

आणि आई काय म्हणाली? की तिला अजून सांगितलंच नाहीस? फोन करून विचारलं असतं, पण फोन तिच्या खुर्चीला चिकटलेला. ‘कोण आहे, काय म्हणतेय’ करत निम्मं तीच बोलते. म्हणून हे पत्र. पाकिटावर ‘जॅमवाल्या बाईंना, गॅरेजात’ असं लिहिलंय, पोस्टमन काय समजायचं ते समजो.

त्यात थंडीभर ताप काढलास. अंगात ताकद तरी आली का? खाते-पितेस ना नीट? सगळं सविस्तर लिही. आणि एक बाटली पाठव. रागावले असले तरी जॅमवर राग नाही माझा.

तुझी,
ताई

१ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. केस कापायचाही विचार होता, पण म्हटलं तुम्हाला एका वेळी एकच धक्का.

नोकरी का सोडली ते सांगते. मी तापात पडले होते, डोळे उघडत नव्हते, तेव्हा कचेरीतून फोन आला. ‘ती निळी फाईल कुठे ठेवलीत?’ बाई जगली की गेली, विचारायचं नाव नाही. फाईल हवी! त्याच दिवशी मनात म्हटलं, पुरे. दर हिवाळ्यात मी संत्र्याचा जॅम करून वाटतच होते. लोक रिकाम्या बाटल्या घेऊन परत दारात यायचे. मग विकायला काय हरकत आहे?

तर गॅरेज आता ओळखू येणार नाही तुम्हाला. पांढऱ्या फरश्या बसवल्या, मोठं बेसिन, दोन शेगड्या, आणि पसरट तोंडाचं एक पातेलं, ज्यात तुमचा भाऊ पाय मुडपून मावेल. संत्र्याच्या साली सुरीनेच कापते, काडीसारख्या. रात्रभर भिजवते. बिया फडक्यात बांधून त्याच पाण्यात उकळते, त्यानेच जॅम धरतो. मग साखर, मग थर्मामीटर. गार बशीवर थेंब टाकून बोटाने ढकलायचा, सुरकुती पडली की झालं. चाखत बसत नाही मी, मोजते. थर्मामीटर खोटं बोलत नाही.

यांनी वर्षाची मुदत दिलीय. वर्षात गॅरेज आपल्या पायावर उभं राहिलं तर ठीक, नाहीतर पुन्हा निळी फाईल. मी सांगून ठेवते ताई, त्या खुर्चीत आता मी बसणार नाही. काही झालं तरी नाही.

आणि मुख्य दुखणं म्हणजे आई. नोकरी सोडल्याचं ऐकून एक शब्द बोलल्या नाहीत. पण मी सकाळी खाली उतरते तर या माझ्या आधी गॅरेजात हजर. खिडकी सताड उघडी, गार वारा आत, आणि या शेगडीपाशी वाकलेल्या. काय करताय म्हटलं तर ‘काही नाही’. मग दिवसभर मागे मागे. खिशातून स्वतःचा चमचा काढतात, पातेल्यात घालतात, चाखतात, तोंड असं करतात की कुणी एरंडेल पाजलं. आणि ‘हं’ म्हणून निघून जातात. नुसतं ‘हं’! भरलेल्या बाटल्या उघडून हुंगतात, एखादी सरळ उचलून वर नेतात. ‘मला लागते.’ अहो, विकायचा माल तो! परवा तर उकळत्या पातेल्याखालचा गॅसच बंद केला. थर्मामीटर म्हणत होतं अजून वेळ आहे, या म्हणे ‘पुरे झालं’.

तुम्ही दोन शब्द सांगा ना त्यांना. मी सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ही लुडबुड अशीच चालली तर माझं वर्ष यातच जाईल.

बाटली वेगळी पाठवलीय.

तुमची,
चिंगी

२२ मार्च

प्रिय चिंगे,

बाटली आली, आणि मी शब्द परत घेते. सगळे! अगं, हा जॅम आहे की काय आहे? झाकण उघडलं आणि खोलीभर संत्रं. कडू म्हणावं तर गोड, गोड म्हणावं तर मागाहून जिभेला चिमटा. माझ्या शेजारणीने उभ्या उभ्या अर्धी बाटली संपवली, पाव मागायचंही भान राहिलं नाही तिला. तू कचेरीत फाईली शोधत होतीस इतकी वर्षं? गुन्हा आहे हा.

आता आईचं. तुझं पत्र वाचून माझं टाळकं सरकलं. तिचा स्वभाव मला नवा नाही. आयुष्यात कुणाला चांगलं म्हणाली नाही ती. मी दहा वर्षांची असताना ती आजारी पडली होती आणि मी पहिल्यांदा भात केला. एकटीने! ताट घेऊन गेले, ती एक घास जेवली, आणि म्हणाली, ‘पातेलं भिजत घातलंस का?’ एवढंच. पन्नाशी उलटली माझी, तरी ते पातेलं डोक्यातून जात नाही. तुझ्या वाट्याला निदान ‘हं’ तरी येतंय.

म्हणून मी तिला खरमरीत पत्र टाकलंय. स्पष्ट लिहिलं, ‘आई, तिचा कारखाना तिला चालवू दे. आत पाऊल टाकू नकोस. तुझा तिथे काही उपयोग नाही.’ जरा कडकच झालं. पण कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

आता निवांत काम कर.

तुझी,
ताई

१८ एप्रिल

प्रिय ताई,

तुमच्या पत्राने जादू केली! पत्र आलं त्या दिवसापासून आईंनी गॅरेजात पाऊल टाकलेलं नाही. चिडल्याही नाहीत. चमचा धुऊन वर कपाटात ठेवला. मला आधी बरं वाटलं, मग थोडं कसंतरीच वाटलं, पण कामाच्या घाईत विसरले.

घाई कसली विचाराल तर बसलेल्या आहात ना? चौकातलं ते मोठं हॉटेल आहे ना, त्यांना नाश्त्याच्या टेबलांवर माझा जॅम हवाय. दर आठवड्याला! मॅनेजर स्वतः आला होता, पातेल्याकडे बघून म्हणाला, ‘एवढंसंच?’ मी म्हटलं, ‘एवढंसंच, म्हणून तर चांगलं.’ हे हॉटेल टिकलं तर वर्ष कशाला, सहा महिन्यांतच मी सुटले.

पण एक चमत्कारिक गोष्ट झाली. मागच्या आठवड्यातल्या काही बाटल्या त्याने परत पाठवल्या. म्हणे जळका वास येतो. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानेही एक परत दिली, म्हणाला, ‘बाई, ही फसफसतेय.’ मी बघितलं, रंग छान, थर्मामीटर बरोबर, सुरकुतीही पडली होती. कडू म्हणाल तर तो कडू असतोच. माझ्या हातात काही बदललेलं नाही. मॅनेजर सांगून गेला, आणखी एकदा असं झालं तर ऑर्डर बंद.

त्याच घाण्यातली एक बाटली तुम्हाला पाठवतेय. चाखा आणि खरं सांगा. माझी भीड ठेवू नका.

तुमची,
चिंगी

६ मे

चिंगे,

आज ‘प्रिय’ लिहायला हात उठत नाही.

बाटली उघडली आणि झाकण उडून छताला लागलं. फेस ओट्यावर, फेस भिंतीवर, आणि वास! दारूच्या गुत्त्यात कुणी पातेलं जाळलंय असा. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, ‘काय जळतंय?’ भिंतीपलीकडून, चिंगे! आणि तू विचारतेस, चाखून सांगा?

मी सुन्न झालेय. ही बाटली भरणारी आणि ती पहिली बाटली भरणारी एकच बाई आहे? अगं, जॅम बुडाला लागला की आधी वास सुटतो. पोराटोरांना कळतं. तू पातेल्याशेजारी उभी होतीस ना? मग कळलं कसं नाही? कुणाला बाधलं असतं म्हणजे? कामाला माणूस ठेवलायस आणि स्वतः झोपा काढतेस का? की बाळ्याशी काही भांडण? मनात नाही नाही ते येतंय.

गोल गोल उत्तर देऊ नकोस. काय आहे ते लिही.

ताई

२१ मे

प्रिय ताई,

माणूस ठेवलेला नाही. भांडण नाही. झोपाही काढत नाही.

मला वास येत नाही.

तापातून उठले तेव्हापासून. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. गेली नाही. डॉक्टर म्हणाले, वाट बघा, कधीकधी परत येतो, कधीकधी नाही. गोड कळतं, खारट, आंबट, कडू कळतं. बाकी काही नाही. संत्रं सोललं काय आणि साबण सोलला काय, सारखंच. दर हिवाळ्यात केलेलं हाताला पाठ होतं, म्हणून थर्मामीटरवर भरवसा ठेवून सुरू केलं. सुरुवातीचे महिने एकही बाटली परत आली नाही, तेव्हा वाटलं, जमलं! नाकावाचून जमलं! आणि आता हे.

कुणालाही सांगितलेलं नाही. यांनाही नाही. वास न येणाऱ्या बाईचा जॅम कोण घेईल, तुम्हीच सांगा. आणि आईंना तर चुकूनही कळू देऊ नका. त्या काही बोलणार नाहीत, नुसत्या ‘हं’ म्हणतील, आणि त्या एका ‘हं’ने माझं गॅरेज बंद होईल. तुमच्या पाया पडते ताई.

हॉटेलचा पुढचा घाणा हाताशी आहे. सतत ढवळत राहीन, डोळ्यात तेल घालून बघीन, पण हा गमावणार नाही.

तुमची,
चिंगी

२ जून

अगं बाई गं!

तुझं पत्र वाचून मी आधी रडले. एकटीने ओढलंस एवढे महिने. मी तुला काय काय बोलले मागच्या पत्रात, थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतंय.

पण रडता रडता एकदम उठून बसले. चिंगे, गॅस! तुला वास येत नाही, आणि तू बंद गॅरेजात दोन दोन शेगड्या पेटवतेस! जॅम गेला खड्ड्यात. नळी सुटली, नॉब अर्धा राहिला, तर तुला कळणार कसं? 

फोन करतेय, कुणी उचलत नाही. रोज सकाळी करतेय. आई तर सकाळी त्या खुर्चीतून हलत नाही कधी, मग गेली कुठे ही? तू तर मला घाबरवूनच मारणार.

ऐक. हे पत्र मिळेल त्या क्षणी आईला सांग. ती बोलेल ते बोलू दे. नाही सांगितलंस तर मी सांगेन. शप्पथ!

ताई

१६ जून

प्रिय ताई,

तुमचं पत्र आज मिळालं. तुम्ही ज्याला घाबरलात ते घडून गेलंय. मी धड आहे. आधी हे वाचा, मग पुढचं वाचा.

परवा हॉटेलचा माल द्यायचा होता म्हणून नेहमीपेक्षा लवकर, आतल्या जिन्याने खाली उतरले. शटर बंद, खिडकी बंद. पातेलं पुसून शेगडीवर ठेवलं आणि काडेपेटी घेतली. काडी पेटीला लावणार, तेवढ्यात शटरवर बाहेरून धडाधड हात आपटले. ‘काडी ओढू नकोस! टाक ती! टाक आधी!’ आईंचा आवाज. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. काडी हातातून गळून पडली.

‘सिलिंडर बंद कर,’ त्या बाहेरून सांगतायत. ‘खिडकी उघड. दिव्याला हात लावू नकोस. आता शटर वर कर.’ केलं सगळं. मागची रबरी नळी चिरली होती ताई. रात्रभर गॅस आत भरत होता, आणि मी त्यात उभी राहून पातेलं पुसत होते.

शटर वर केलं तर आई उंबऱ्याबाहेर उभ्या. अनवाणी.  आणि मला विचारतात, ‘आत येऊ का? मोठीने नको म्हटलंय.’

ताई, मी तिथेच फरशीवर बसले.

त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. माझा ताप उतरल्यावर एकदा दूध उतू जाऊन करपलं होतं, घरभर वास सुटला होता, आणि मी शेजारीच पाठ करून शांतपणे साली कापत होते. तेव्हाच ओळखलं त्यांनी. म्हणून रोज माझ्या आधी खाली येऊन खिडकी उघडायच्या, शेगडीचा वास घ्यायच्या. म्हणून तो चमचा. पातेलं बुडाला लागायला आलं की गॅस बंद करायच्या. बिघडलेली बाटली हुंगून कळली की उचलून न्यायच्या. मी काल त्यांच्या पलंगाखाली पाहिलं. सगळ्या बाटल्या तिथे आहेत, फसफसलेल्या, करपलेल्या, एकीतलंही खाल्लेलं नाही. आणि मी म्हणत होते, नाकावाचून जमलं!

आणि तुमचं पत्र आलं तेव्हापासून त्या आत आल्या नाहीत, पण रोज पहाटे शटरबाहेरच्या पायरीवर येऊन बसायच्या. फटीतून येईल तेवढा वास घ्यायच्या. मी शेगडी पेटवली की उठून वर जायच्या. तुमचा फोन त्यामुळे कुणी उचलत नव्हतं.

मी ओरडलेच त्यांच्यावर. म्हटलं, ‘बोलला का नाहीत?’ तर म्हणतात, ‘तू बोलली नाहीस. म्हटलं, हिला लपवायचंय. लपवू दे. आपण लक्ष ठेवू.’

नवी नळी बसवलीय, आणि गॅस सुटला की कोकलणारं यंत्र भिंतीला लावलंय. आई त्याला ‘माझी सवत’ म्हणतात. हॉटेलच्या मॅनेजरला मी सगळं खरं सांगितलं. म्हटलं, मला वास येत नाही, पण माझ्या सासूबाईंच्या ‘हं’शिवाय आता एकही बाटली बाहेर पडणार नाही.  तो म्हणाला, ‘माझ्याही सासूबाई आहेत. अशा माणसाच्या हाताखालून गेलेला माल मी डोळे मिटून घेईन.’ हॉटेल राहिलं ताई!

आज आलुबुखाऱ्याचा पहिला घाणा केला. आईंनी चमचा घातला, ‘हं’ म्हणाल्या. मी म्हटलं, ‘आई, हं नाही चालणार. मला आता खरंच काही कळत नाही. चांगला असेल तर चांगला म्हणा.’  चमच्याकडे बघत होत्या. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, ‘चांगला झालाय.’

मी चाट पडले. गॅस निघाला तेव्हाही एवढी हादरले नव्हते.

तुमची,
चिंगी

३० जून

आई,

चिंगीचं पत्र वाचलं. त्याच क्षणापासून मला काही सुचत नाही. तुझा काही उपयोग नाही असं मी तुला लिहिलं. मी! आणि तू त्या पहाटेच्या गारठ्यात पायरीवर बसलीस, माझा शब्द पाळून. चिंगी त्या दिवशी आणखी थोडी आधी खाली उतरली असती आणि तू वर असतीस तर माझ्या पत्राने तिचा जीव गेला असता. हे डोक्यातून जात नाही. दूर बसून मी शहाणपणा शिकवला. मला उलट एक ओळ तरी लिहायचीस, ‘तुला काही कळत नाही’ म्हणून. रागव गं. माफ कर म्हणायचीही लाज वाटते.

तुझी,
मोठी

१४ जुलै

चि. मोठीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर फार बिघडलंय तुझं, रडत रडत लिहू नये, शाई पसरते.

पायरीवर काही गारठा नव्हता. कोवळं ऊन येतं तिथे. दूधवाला, पेपरवाला, सगळ्यांशी ओळख झाली. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. तुला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. तिची झाकली मूठ मी कशी उघडणार? सून झाली तरी परक्याची लेक, तिचा मान आपण सांभाळायचा.

आता मी आत बसते. खुर्ची दिलीय मला, उशीसकट. तिला वास येत नाही, मला त्या थर्मामीटरवरचे आकडे दिसत नाहीत. दोघी मिळून एक धड बाई होते. मला परवा सर्दी झाली तर हिने शटरवर पाटी लावली, ‘सासूबाईंना सर्दी, कारखाना बंद’. सगळी गल्ली चौकशीला आली. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

बाळ्याला तिने सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं, चार पानं. हवापाण्याचं एक अक्षर नाही. मी दोनदा पाहिलं.

चांगला झालाय असं मी म्हणाले, ते तिने तुला कळवलंच असेल. गावभर सांगत सुटलीय. तिला वास येत नाही, म्हणून तोंडाने म्हणावं लागतं. सवय नाही. पण आता रोज म्हणते.

म्हणताना एक आठवलं. तू लहान असताना मी आजारी होते, तेव्हा तू भात करून आणला होतास. घरभर वास सुटला होता त्याचा. मला वाटलं, तुला नाक आहे, तुला कळलंच असेल.

तो भात चांगला झाला होता.

आई